दह्याचा भक्त : एली मेचनिकॉफ

वाचकहो, आपल्या यवतमाळ जिल्ह्यात गोठ्यात रवंथ करीत बसलेला बैल आपण रोज पाहता. कडबा-कुटारातील चोथा पचविण्याची ताकद त्याच्या स्वतःच्या पाचकरसात नाही. ते काम त्याच्या पहिल्या पोटातील अगणित सूक्ष्म जंतू करतात. बैल त्यांना ऊब व चारा देतो. ते चारा आंबवून त्याला शक्ती देतात आणि अखेरीस स्वतःही पुढच्या पोटात पचून जातात. पोटातल्या अशा बिऱ्हाडकरूंकडे जगाचे लक्ष वेधणाऱ्यांत एली मेचनिकॉफ हे प्रमुख होत.

त्यांचा जन्म १८४५ साली, आज युक्रेनमध्ये असलेल्या खारकोव्हजवळ झाला. पहिली पत्नी १८७३ मध्ये क्षयाने गेली, तेव्हा त्यांनी जीव देण्याचाही प्रयत्न केला. सुदैवाने वाचले. १८८२ मध्ये मेसिना येथे तारामाशाच्या पारदर्शक पिल्लात काटा टोचून त्यांनी पाहिले, तो काट्याभोवती पेशींचा वेढा पडलेला! जंतूंना गिळणाऱ्या पेशींचा सिद्धांत यातूनच निघाला व त्यासाठी १९०८ चे नोबेल पारितोषिक त्यांना एर्लिख यांच्यासमवेत मिळाले.

त्यांचे ओडेसातील शिष्य हाफकिन यांना मुंबई विसरणार नाही. प्लेगची लस त्यांनी जानेवारी १८९७ मध्ये आधी स्वतःला टोचून घेतली. लोक भीत होते, तेव्हा तरुण आगाखानांनी सर्वांसमक्ष टोचून घेऊन धीर दिला.

१८८८ पासून मेचनिकॉफ पॅरिसच्या पाश्चर संस्थेत होते. मोठे आतडे हे विषाचे कोठार असून तेथील कुजविणारे जंतू आयुष्य घटवितात, असे त्यांचे मत बनले. उपाय कोणता? तर दह्यातले आंबट जंतू! ते रोज आंबवलेले दूध घेत. आपल्या घरचे विरजण युरोपात औषध म्हणून गाजले. पण या विचाराची दुसरी बाजू भीषण होती. लंडनचे शस्त्रवैद्य लेन यांनी बद्धकोष्ठाच्या रोग्यांची मोठी आतडीच कापून काढली.

येथे आपले नायक चुकले, हे सांगितलेच पाहिजे. मोठ्या आतड्यातील बहुतेक जंतू आपले सोबती आहेत. न पचलेला चोथा ते आंबवतात, काही जीवनसत्त्वेही बनवतात. उलट आंबटपणा सर्वत्र हितकर नाही. बैल सुटून ज्वारीच्या राशीत तोंड घालतो, तेव्हा दह्यातलेच आम्ल त्याच्या पोटात बेसुमार होते, चारा पचविणारे जंतू मरतात आणि वेळेवर उपचार न झाल्यास बैलही दगावतो.

मेचनिकॉफ १९१६ मध्ये, ७१ व्या वर्षी, हृदयविकाराने वारले. त्यांची रक्षा पाश्चर संस्थेतच ठेवली आहे.