कापरेकर मास्तर, ६१७४ आणि स्क्रीनवरची बडबड

दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर १९०५ साली डहाणूला जन्मले. शाळा ठाण्यात, कॉलेज पुण्याचं फर्ग्युसन. १९२७ मध्ये रँग्लर परांजपे गणित पारितोषिक मिळालं. पुढे १९३० ते १९६२ त्यांनी देवळालीत शाळामास्तरकी केली. पदव्युत्तर पदवी नाही, त्यामुळे त्यांचं काम अनेक गणितज्ञांना नुसता खेळ वाटायचं.

त्यांना ६१७४ सापडला. चार अंकी संख्या घ्या, चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने मांडा, त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करा. ३५२४ घेतली तर ३०८७, मग ८३५२, मग ६१७४. पुढे तोच आकडा येत राहतो. जास्तीत जास्त सात पायऱ्या लागतात.

मास्तरांनी जे कागदावर केलं, ते मी पिपरी मेघेत पारी-जीपी या मोफत गणिती सॉफ्टवेअरवर तपासलं. अशा संख्या ८९९१ आहेत, म्हणून उत्तराच्या ओळीही तेवढ्याच हव्यात. पण जीपी सुरू होताच आवृत्ती, लायसन्स, मदतीची सूचना, मेमरी असं बरंच छापतं. ओळी मोजणारा दुसरा प्रोग्राम तेही मोजतो आणि हिशोब चुकतो!

उपाय सोपा आहे. कमांडमध्ये जीपीनंतर जागा सोडून एक आडवी रेघ आणि लगेच इंग्रजी छोटा क्यू टाका, मग फाईलचं नाव. क्यू म्हणजे क्वाएट, गप्प. फाईलच्या शेवटी क्विट लिहा, नाहीतर जीपी पुढच्या आज्ञेची वाट बघत बसतं. यात स्वागताची बडबड थांबते, चुकीचे संदेश दिसतातच. ते दाबू नका.

अजून एक. १११२ मधून ०९९९ येतं. पुढचं शून्य गाळलं तर ९९९ उरतं आणि पुढे थेट शून्य. स्क्रिप्ट कितीही गप्प असली तरी उत्तर चुकीचंच.

१९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी सायंटिफिक अमेरिकन मासिकात लिहिलं, तेव्हा कापरेकरांचं नाव जगभर पोचलं. मास्तर तोवर सत्तरीला आले होते. १९८६ मध्ये ते गेले. स्क्रिप्ट चालवण्याआधी एक संख्या हाताने करून बघाच, म्हणजे कॉम्प्युटर चुकला तर तुम्हाला कळेल.