पिसदुऱ्याची हाडं गोळा करणारे पाद्री: स्टीफन हिस्लॉप

राजगड किंवा तोरणा चढला असाल, तर भोर-वेल्ह्यातला तो काळा कातळ पायाखालून गेलाच असेल. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा हा लाव्हा. इथे तो इतका जाड आहे की त्याखाली काय गाडलं गेलं ते दिसतच नाही. विदर्भात मात्र हे थर पातळ होतात आणि खालची जुनी जमीन उघडी पडते. ती वाचायला सुरुवात करणाऱ्यांपैकी एक म्हणजे स्टीफन हिस्लॉप. हो, नागपूरचं हिस्लॉप कॉलेज ज्यांच्या नावाचं, तेच.

जन्म १८१७, स्कॉटलंड. मिशनरी म्हणून १८४५ मध्ये ते नागपुरात आले, पुढच्याच वर्षी शाळा काढली. धर्मप्रचारासाठी गावोगाव फिरावं लागे. दगड गोळा होऊ लागले ते याच वाटांवर. १८५१ मध्ये सहकारी रॉबर्ट हंटर यांच्यासोबत त्यांना टाकळीजवळ जीवाश्म सापडले. पुढे वरोऱ्याजवळच्या पिसदुऱ्यात त्यांनी प्रचंड सरपटणाऱ्या प्राण्यांची हाडं जमवली.

याच पिसदुऱ्यात दगड झालेली विष्ठाही भरपूर मिळते. तिला कोप्रोलाइट म्हणतात. चार्ल्स मॅटली यांनी १९३९ मध्ये तिचं सविस्तर वर्णन केलं. २००५ मध्ये तिच्यात गवताचे सूक्ष्म सिलिका-कण सापडले आणि डायनासोरच्या काळात गवत नव्हतंच, हा समज मोडला.

अशा विष्ठेचा तुकडा आम्लात विरघळवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर कधीकधी पोटातले जंतही हाती लागतात. मऊ शरीर सहसा टिकत नाही, कडक कवचाचं अंडं टिकतं. बेल्जियममधल्या बर्निसार्टच्या नमुन्यात कृमींची अंडी मिळाली. ब्राझीलमध्ये तर सुमारे २७ कोटी वर्षांपूर्वीच्या शार्कच्या विष्ठेत पट्टकृमीची ९३ अंडी निघाली!

हे काहीच बघायला हिस्लॉप उरले नाहीत. ४ सप्टेंबर १८६३ ला टाकळघाटची प्राचीन शिलावर्तुळं पाहून ते घोड्यावरून बोरीकडे परतत होते. वाटेतला ओढा पावसाने फुगला होता. त्यात ते बुडाले. सेहेचाळिसावा वाढदिवस चार दिवसांवर होता. गोंड समाजाविषयीची त्यांची टिपणं अर्धवट राहिली. रिचर्ड टेंपल यांनी ती १८६६ मध्ये छापून घेतली. पिसदुऱ्याच्या शेतांत अजूनही तसे दगड मिळतात.