‘रॉबिन्सन क्रूसो’चा लेखक इंग्रजांना का झोंबला?

डॅनियल डिफो ‘रॉबिन्सन क्रूसो’च्या कितीतरी आधी गाजला होता, तो एका कवितेमुळे. इंग्लंडच्या गादीवर तेव्हा डच विल्यम तिसरा होता आणि या परक्या राजावर, त्याच्या डच माणसांवर टीकेची झोड उठली होती. १७०१ मध्ये डिफोने उपरोधिक कवितेतून इंग्रजांनाच आरसा दाखवला: रोमन, सॅक्सन, डेन, नॉर्मन यांच्या मिश्रणातून बनलेल्यांनी अस्सलपणाचा तोरा कसला मिरवायचा? कविता हातोहात खपली. १७०९ मध्ये जर्मन निर्वासित लंडनला आले, तेव्हाही त्याने त्यांचीच बाजू घेतली. परदेशी प्रोटेस्टंटांना नागरिकत्व देणारा त्याच वर्षीचा कायदा मात्र संसदेने १७१२ मध्ये गुंडाळला.

१७१९ मध्ये आलेल्या क्रूसोचा बापही ब्रेमेनहून आलेला जर्मन. मूळ आडनाव क्रॉइट्झनेर, इंग्रजांच्या तोंडी त्याचं क्रूसो झालं. खुद्द लेखकाचं आडनाव नुसतं ‘फो’ होतं. ‘डि’ त्याने मागाहून जोडला.