आपल्या मार्कशीटवरचं नाव

मित्रांनो, रिझल्ट लागला की मार्कशीटवर आपली नजर पहिल्यांदा कुठे जाते? मॅथ्सच्या मार्कांवर. मग प्रॅक्टिकल, मग बॅक राहिला की निघाला ते. सगळ्यात वर मोठ्या अक्षरात छापलेलं नाव मात्र आपण कधी वाचतच नाही. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठ. १९२३ साली स्थापन झालेल्या नागपूर विद्यापीठाला हे नाव २००५ साली मिळालं.

आता गंमत बघा. ज्यांचं नाव आपल्या इंजिनिअरिंगच्या डिग्रीवर येणार, ते स्वतः मराठी तिसरी-चौथीच्या पुढे शिकले नाहीत. त्यांच्याजवळ ना पैसा होता, ना सत्ता. होती एक खंजिरी, एक खडा आवाज, आणि मागे धरणारी मंडळी. एवढ्या भांडवलावर या माणसाने अख्खा विदर्भ गायला बसवला. हे जमलं कसं, ते समजून घेण्यासाठी हा लेखप्रपंच.

३० एप्रिल १९०९ रोजी अमरावती जिल्ह्यातल्या यावली गावी त्यांचा जन्म झाला. पाळण्यातलं नाव माणिक. वडील बंडोजी इंगळे, आई मंजुळाबाई. घरी गरिबी पाचवीला पुजलेली. पोराचं लक्ष शाळेत नव्हतं, भजनात होतं. वरखेडच्या आडकोजी महाराजांच्या सहवासात तो रमला. आडकोजींनीच माणिकचा तुकड्या केला असं सांगतात. भाकरीच्या तुकड्यावर राहून भजन म्हणणारा तो तुकड्या! पुढे हजारो पदांच्या शेवटच्या ओळीत त्यांनी हेच नाव गुंफलं. लोकांनी लावलेल्या मोठमोठ्या पदव्या त्यात कुठे सापडत नाहीत.

तरुणपणी ते रानात निघून गेले. रामटेक, सालबर्डी, रामदिघी, चिमूरजवळचं गोंदोडा, अशा जंगलात राहिले. परतले तेव्हा लोक त्यांना देवबाबा म्हणू लागले. पाया पडायला रांगा लागल्या. कोणाला मूल पाहिजे, कोणाला कोर्टातली केस जिंकून पाहिजे. मित्रांनो, इथे खरा प्रश्न होता. चमत्कार करणारा बाबा होऊन आरामात बसता आलं असतं. तशी दुकानं तेव्हाही चालत होती, आजही चालतात. पण बाबा एकटा असतो आणि समोर बसलेले सगळे मागणारे असतात. तुकडोजींना समोर बसलेल्यांना मागणारे ठेवायचं नव्हतं, गाणारे करायचं होतं. १९३५ साली त्यांनी अमरावती-नागपूर रस्त्यावर मोझरी येथे गुरुकुंज आश्रम सुरू केला आणि त्या कामाला स्थिर जागा मिळाली.

आता थोडं तंत्र समजून घेऊ, शेवटी आपण इंजिनिअर लोक! खंजिरी म्हणजे एका हातात मावणारं लाकडी कडं. एका बाजूने ताणून बसवलेलं कातडं, आणि कड्याच्या खाचांत झणझणणाऱ्या धातूच्या चकत्या. पूर्वी घोरपडीचं कातडं लावत. आता घोरपड १९७२ च्या वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे, त्यामुळे ते चालत नाही. तबला शिकायला वर्षं जातात, हार्मोनियम विकत घ्यायला पैसे लागतात. खंजिरी मात्र शेतमजुराच्या खिशालाही परवडते आणि बैलगाडीतसुद्धा नेता येते. भजनाची रचनाही तशीच. पुढचा एकजण ओळ सांगतो, मागची मंडळी ती उचलतात. पालुपद सोपं, चाल ओळखीची, शब्द बोलीतले. लिहिता-वाचता न येणारा माणूसही दुसऱ्या फेरीत गायला लागतो. म्हणजे या गाण्यात श्रोता असा कोणी उरतच नाही.

योगायोग बघा, त्याच सुमारास तिकडे अमेरिकेतही हौशी लोक एकत्र गायला लागले होते. टल्सा शहरात ओ. सी. कॅश नावाच्या वकिलाने एप्रिल १९३८ मध्ये गाण्याची आवड असणाऱ्यांना बोलावलं आणि सव्वीस जण आले. चार वेगवेगळ्या पट्ट्यांतले आवाज, वाद्य एकही नाही, पोटापाण्याचा धंदा सगळ्यांचा वेगळा. त्याला बार्बरशॉप गायन म्हणतात, म्हणजे न्हाव्याच्या दुकानातलं गाणं. त्यातून पुढे मोठी संस्था उभी राहिली. पण ज्या गाण्याच्या उगमात काळ्या लोकांचा मोठा वाटा होता, त्या गाण्याच्या संस्थेत काळ्या माणसाला १९६३ पर्यंत प्रवेश नव्हता. एकत्र गाणं सोपं असतं हो. एकत्र म्हणजे कोण कोण, हा प्रश्न अवघड असतो.

तुकडोजींनी नेमका तोच प्रश्न हातात घेतला. त्यांच्या सामुदायिक प्रार्थनेत गावातले सगळे सरळ ओळीत बसणार, जात कोणतीही असो. ज्या काळात विहीर वेगळी, पंगत वेगळी, देवळाचं दार बंद, त्या काळात शेजारी मांडी घालून एकाच सुरात तोंड उघडायचं! भाषण ऐकून माणूस मान हलवतो आणि घरी जातो. गाताना मात्र शेजाऱ्याचा ताल सांभाळावाच लागतो, नाहीतर सगळ्यांचंच बिघडतं. अस्पृश्यता, दारू, हुंडा, कर्ज काढून केलेली लग्नं, बुवाबाजी या सगळ्यांवर त्यांनी पदं रचली, मराठीत आणि हिंदीतही. रात्री भजन आणि सकाळी हातात खराटा. गाव झाडल्याशिवाय भजन पूर्ण होत नाही अशी शिस्त.

१९३६ साली गांधीजींनी त्यांना सेवाग्रामला बोलावलं. जवळपास महिनाभर ते तिथे राहिले. त्यानंतर भजनांत स्वराज्य उघडपणे आलं.

आणि मग आला ऑगस्ट १९४२. फिजिक्समध्ये आपण रेझोनन्स शिकतो. अचूक वेळी दिलेले छोटे छोटे धक्के साठत जातात आणि मोठी वस्तू हलते. म्हणून तर पुलावरून जाताना सैनिक पावलं मोडून चालतात. चिमूर, आष्टी, यावली, बेनोडा या गावांत तेच झालं. तुकडोजींच्या भजनांनी तापलेली ही गावं इंग्रज सत्तेविरुद्ध उठली. १६ ऑगस्टला, नागपंचमीच्या दिवशी, चिमूरला पोलिसांच्या गोळीबारात बालाजी रायपूरकर हा कोवळा मुलगा मारला गेला. चिडलेल्या जमावाने सरकारी इमारती जाळल्या, अधिकाऱ्यांचे बळी घेतले. मग लष्कर गावात शिरलं आणि बायाबापड्यांवर जे अत्याचार झाले त्यांच्या चौकशीसाठी प्रा. भन्साळींनी त्रेसष्ट दिवस उपोषण केलं. कित्येकांना फाशीच्या शिक्षा सुनावल्या गेल्या. महाराजांनाही त्याच महिन्यात अटक झाली. नागपूर आणि रायपूरच्या तुरुंगात राहून डिसेंबरमध्ये ते सुटले.

या भागाकडे आपण नुसतं अभिमानाने बघतो. बघावंच. पण हेही लक्षात घ्यावं की हजारो गळे एका सुरात आले की त्यात ताकद येते, आणि ताकद कोणत्या दिशेला जाईल याची जबाबदारी पुढे बसलेल्यावर येते. तुरुंगातून सुटल्यावर तुकडोजींनी गावोगावच्या या मंडळींना संघटनेत बांधलं. अखिल भारतीय श्री गुरुदेव सेवा मंडळाच्या शाखा वाढल्या, गुरुदेव मासिक निघालं. व्यायाम, सफाई, प्रार्थना, ग्रामोद्योग असा रोजचा कार्यक्रम ठरला. जोश होताच, आता त्याला कामाची वाट मिळाली.

१९५५ साली ग्रामगीता आली. एकेचाळीस अध्याय, ४६७५ ओव्या, आणि विषय काय तर गावाचं आरोग्य, शेती, गोरक्षण, शिक्षण, महिलांची उन्नती, निवडणूक! रस्ते नीट करा, सांडपाण्याची सोय करा, हेही ओवीत सांगता येतं हे सिव्हिलवाल्या मित्रांनी जरूर वाचावं. त्याच वर्षी जपानमध्ये भरलेल्या विश्वधर्म व विश्वशांती परिषदेला ते गेले, तेव्हाही खंजिरी सोबत होतीच. राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांनी त्यांना राष्ट्रसंत म्हणून गौरवलं आणि ते नाव कायमचं चिकटलं. १९६२ च्या चीन युद्धात आणि १९६५ च्या पाकिस्तान युद्धात ते सीमेवर जवानांसमोर गायले.

शेवटी कॅन्सरने गाठलं. ११ ऑक्टोबर १९६८ रोजी दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी गुरुकुंजात त्यांनी देह ठेवला. वय अवघं एकोणसाठ.

खरी परीक्षा इथून पुढची होती. मोठा गायक गेला की त्याचं गाणं रेकॉर्डमध्ये उरतं. तुकडोजी गेल्यावर गाणं थांबायला पाहिजे होतं, पण थांबलं नाही, कारण ते एकट्याचं कधी नव्हतंच. आपल्या भंडारा जिल्ह्यात बघा ना. धान कापून घरात आलं, थंडी पडली की झाडीपट्टीत नाटक, दंडार, खडी गंमत यांचा हंगाम सुरू होतो आणि त्याच दिवसांत गावागावांत खंजिरी भजनाच्या स्पर्धाही भरतात. दिवसभर बांधीत राबलेली, दुकान चालवणारी, शाळेत शिकवणारी माणसं रात्री ठेवणीतले कपडे घालून स्टेजवर बसतात. महिलांची मंडळं वेगळी, पोराटोरांची वेगळी. बक्षीस फार मोठं नसतं. तरी दहा-पंधरा कोस जाऊन रात्रभर जागून येतात. कशासाठी? एका सुरात लागलं की काय वाटतं ते ज्याने अनुभवलं त्यालाच माहीत.

गुरुकुंजात दरवर्षी आश्विन वद्य पंचमीला लाखो लोक जमतात. ४ वाजून ५८ मिनिटांनी सगळे जागच्या जागी उभे राहतात आणि एवढा जनसागर एकदम गप्प होतो. गाणाऱ्यांच्या गुरूला गाणाऱ्यांनी दिलेली ही श्रद्धांजली! लाखोंना एका वेळी गायला लावणं कठीण, पण एका वेळी थांबायला लावणं त्याहून कठीण. ती शिस्त कोणी दंडुका दाखवून आणलेली नाही.

मित्रांनो, आपल्या गॅदरिंगमध्ये डीजे असतो, ऑर्केस्ट्रा असतो, सोलो साँग असतं. त्यात वावगं काही नाही. पण यंदा एक आयटम असाही ठेवून बघू या. पुढे एकजण, हातात खंजिरी, आणि मागे मेकॅनिकल, सिव्हिल, इलेक्ट्रिकल, कॉम्प्युटर सगळ्या ब्रँचची पोरंपोरी. गळा चांगला नाही अशी सबब चालणार नाही. तुकडोजींच्या भजनात ती कधीच चालली नव्हती!