जिम ग्रे

जेम्स निकोलस ऊर्फ जिम ग्रे (जन्म : १२ जानेवारी, १९४४, सान फ्रान्सिस्को, बेपत्ता : २८ जानेवारी, २००७) हे अमेरिकन संगणकशास्त्रज्ञ होते. विदागार (डेटाबेस) व व्यवहार-प्रक्रिया या विषयांतील कार्याबद्दल त्यांना १९९८ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला.

१९६९ मध्ये बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवल्यावर ते आयबीएममध्ये 'सिस्टिम आर' प्रकल्पावर काम करू लागले. एका खात्यातून रक्कम वजा झाली तर ती दुसऱ्यात जमा झालीच पाहिजे, अन्यथा दोन्ही नोंदी रद्द व्हाव्यात, या तत्त्वाला शास्त्रीय बैठक देण्यात त्यांचा मोठा वाटा आहे.

राखीव यंत्रणेविषयीचे संशोधन

१९८० ते १९९० या काळात ग्रे टँडम कंपनीत होते. तेथील संगणकांत एकाच कामाची मुख्य व राखीव प्रत वेगवेगळ्या प्रोसेसरवर असे. मुख्य प्रत थांबताच राखीव प्रत काम हाती घेई. दोहोंत आज्ञावली एकच, मग एकीला पाडणारा दोष दुसरीलाही का पाडत नाही, हा प्रश्न साहजिक होता. १९८५ च्या अहवालात ग्रे यांनी त्याचे उत्तर दिले : कसून तपासलेल्या आज्ञावलीत उरलेले बहुतेक दोष क्षणिक परिस्थितीतून उद्भवतात आणि काम नव्याने सुरू केल्यावर पुन्हा प्रकट होत नाहीत. त्याच अहवालानुसार यंत्रणा बंद पडण्याच्या घटनांपैकी ४२ टक्के देखभाल व हाताळणीतून, तर केवळ १८ टक्के यंत्रसामग्रीतील बिघाडामुळे घडल्या होत्या. राखीव यंत्रे कितीही वाढवली तरी माणसाची चूक त्यांनी टळत नाही, हे त्यातून उघड झाले.

आंद्रेआस रॉयटर यांच्यासह लिहिलेल्या बृहद्ग्रंथात दूरच्या राखीव सर्व्हरचा पेच मांडला आहे. मुख्य सर्व्हरने प्रत्येक व्यवहारात राखीव सर्व्हरच्या पोचपावतीची वाट पाहिली तर नोंद सुरक्षित राहते, पण विलंब होतो. न पाहिल्यास अपघातात शेवटचे काही व्यवहार गमावण्याचा धोका उरतो. सर्वच प्रतींवर बदल करू देणे तर अधिक घातक. सहकाऱ्यांसह लिहिलेल्या १९९६ च्या निबंधात, प्रती दहापट झाल्यास व्यवहार परस्परांत अडकण्याचे प्रसंग हजारपट होतात, असे गणिताने दाखवले आहे.

१९९५ पासून ते मायक्रोसॉफ्टमध्ये होते. तेथे त्यांनी खगोलशास्त्रज्ञांसाठी आकाशनिरीक्षणाचे विदागार उभारण्यास साहाय्य केले.

अखेर

आईच्या अस्थी विसर्जित करण्यासाठी ते शिडाच्या नौकेतून एकटेच फॅरलॉन बेटांकडे निघाले आणि परतले नाहीत. तटरक्षक दलाने शोध घेतला. उपग्रहचित्रे हजारो स्वयंसेवकांनी तपासली. नौका सापडली नाही. २०१२ मध्ये न्यायालयाने त्यांना मृत घोषित केले.