१२-१४ खलाशांची बोट एकट्यानं हाकून अटलांटिक जिंकणारा एरिक ताबार्ली

वसईच्या पाचूबंदरातून मासेमारीची बोट खोल समुद्रात जाते तेव्हा तांडेलासोबत खलाशी असतात. कामं वाटलेली असतात. आता विचार करा, सुकाणूही आपणच धरायचं, शिडंही आपणच बदलायची आणि अटलांटिक महासागर ओलांडायचा. तोही शर्यतीत! फ्रान्सच्या एरिक ताबार्लीनं अशी शर्यत दोनदा जिंकली.

२४ जुलै १९३१ ला नान्त शहरात जन्मलेला एरिक वडिलांच्या 'पेन ड्युइक' या १८९८ सालच्या शिडाच्या बोटीवर वाढला. पुढं बोटीचं लाकूड कुजलं, गिऱ्हाईक मिळेना. वडिलांनी ती मुलालाच दिली. नौदलात असलेल्या एरिकनं जुन्या सांगाड्याचाच साचा केला आणि त्यावर पॉलिस्टरचं नवं कवच घडवलं.

१९६४ : पहिला विजय

ब्रिटनचं प्लिमथ ते अमेरिकेचं न्यूपोर्ट, एका बोटीत एकच माणूस, अशी ही शर्यत. एरिकनं एकट्याला पेलेल अशी 'पेन ड्युइक २' खास बांधून घेतली. पण साधारण आठवड्याभरात आपोआप सुकाणू सांभाळणारं यंत्र बंद पडलं. झोप तुटकी झाली, तरी २७ दिवसांत तो पोहोचला. आधीचा विजेता फ्रान्सिस चिचेस्टर जवळपास तीन दिवसांनी आला. राष्ट्राध्यक्ष द गॉल यांनी एरिकला 'लिजन ऑफ ऑनर' दिला आणि फ्रान्सला या खेळाचं वेड लागलं.

१९७६ : अशक्य वाटणारी शर्यत

या वेळी त्याची 'पेन ड्युइक ६' बोट होती १२-१४ खलाशांसाठी बांधलेली. समोर अलां कोला, तब्बल ७२ मीटर लांबीची चार डोलकाठ्यांची बोट घेऊन. वाटेत वादळं आली, सुकाणूचं यंत्र पुन्हा मोडलं. एरिक हताश होऊन मागं वळला, मग परत पुढं निघाला. २३ दिवस २० तासांत तो पहिला आला.

शेवटची रात्र

१३ जून १९९८ च्या पहाटेआधी वेल्सजवळ 'पेन ड्युइक'चं शीड बदलताना शिडाचा वासा लागून एरिक पाण्यात पडला. अंगावर लाइफ जॅकेट नव्हतं, कमरेला दोर नव्हता. एकट्यानं महासागर ओलांडणारा हा माणूस, सोबत साथीदार असताना अंधारात हरवला. महिन्याहून अधिक काळानं त्याचा मृतदेह एका मासेमारी बोटीला सापडला.

'पेन ड्युइक' मात्र आजही समुद्रात उतरते.