डॉ. पर्ल केंड्रिक : डांग्या खोकल्याच्या लशीमागची बाई

तुमचे बाळ दीड महिन्याचे झाले की त्याच्या मांडीत पेंटाव्हॅलंट लस टोचली जाते. या एका इंजेक्शनमध्ये पाच आजारांपासून संरक्षण असते. त्यांपैकी एक आजार म्हणजे डांग्या खोकला. तो टाळणारी भरवशाची लस ज्यांच्या कष्टातून मिळाली, त्या पर्ल केंड्रिक यांची ही ओळख. बाळाच्या खोकल्याकडे कसे पाहावे, हेही त्यांच्या कामातून समजते.

बालपण आणि शिक्षण

केंड्रिक यांचा जन्म १८९० साली अमेरिकेतील इलिनॉय राज्यात झाला. लहानपणी त्यांना स्वतःला डांग्या खोकला झाला होता, त्या वाचल्या. त्या काळी अनेक मुले वाचत नसत. १९२० च्या दशकात एकट्या अमेरिकेत या आजाराने वर्षाला सुमारे ६,००० बळी जात, त्यांत बहुतेक लहान मुले असत. शिक्षण झाल्यावर केंड्रिक काही काळ शिक्षिका होत्या. पुढे त्या मिशिगन राज्याच्या आरोग्य विभागात जंतूंची तपासणी करू लागल्या आणि ग्रँड रॅपिड्स शहरातील प्रयोगशाळेच्या प्रमुख झाल्या. नोकरी सांभाळून १९३२ साली त्यांनी जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली.

ऑफिस सुटल्यावरचे काम

त्याच वर्षी ग्रँड रॅपिड्समध्ये डांग्या खोकल्याची साथ होती. केंड्रिक आणि त्यांच्या सहकारी ग्रेस एल्डरिंग यांनी या आजाराचा अभ्यास करायचे ठरवले. एल्डरिंग यांनाही लहानपणी हाच आजार झाला होता. दिवसभर पाणी आणि दुधाचे नमुने तपासायचे आणि संध्याकाळी खोकणाऱ्या मुलांच्या घरी जायचे, असा दोघींचा क्रम सुरू झाला. ते महामंदीचे दिवस होते. कितीतरी घरांत वडिलांची नोकरी गेलेली होती आणि उजेड फक्त रॉकेलच्या दिव्याचा. तिथे बसून त्या आईवडिलांचे म्हणणे ऐकत. मूल खोकताना त्याच्या तोंडासमोर एक उघडी काचेची बशी धरत. बशीतल्या थरावर जंतू वाढले, तर आजाराचे निदान पक्के होई.

अशा शेकडो बशांवरून एक गोष्ट स्पष्ट झाली. साधी सर्दी वाटते त्या सुरुवातीच्या दिवसांतच हा आजार सर्वांत जास्त पसरतो. जोरदार उबळी सुरू होईपर्यंत घरातल्या इतरांना लागण झालेली असते.

लस आणि तिची परीक्षा

डांग्या खोकल्याच्या लशी त्याआधीही निघाल्या होत्या, पण त्यांचा भरवसा नव्हता. केंड्रिक यांनी मारलेल्या जंतूंपासून लस बनवली आणि आधी स्वतःच्या दंडात टोचून घेतली. १९३४ पासून शहरातील दीड हजारांहून अधिक मुलांवर तिची चाचणी झाली. अनाथाश्रमातील मुलांवर प्रयोग करणे त्या काळी सर्रास चाले. केंड्रिक यांनी ते टाळले. पालकांच्या संमतीने लस दिलेली मुले आणि त्याच शहरातली लस न घेतलेली मुले यांची त्यांनी तुलना केली. पहिल्या निष्कर्षात लस घेतलेल्यांपैकी फक्त ४ मुलांना आजार झाला. दुसऱ्या गटात तो कितीतरी जास्त मुलांना झाला.

पैसे संपत आले होते. १९३६ साली राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी एलेनॉर रूझवेल्ट यांनी प्रयोगशाळेला भेट दिली आणि त्यांच्या मदतीने काम पुढे चालले. पुढे लोनी गॉर्डन या कृष्णवर्णीय सहकारी महिलेने लस अधिक प्रभावी करण्यास मोठा हातभार लावला. १९४० च्या दशकात घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वात यांची एकत्रित लस तयार झाली. हीच आपल्या ओळखीची ट्रिपल किंवा डीपीटी लस. भारताच्या सरकारी लसीकरण कार्यक्रमात ती १९७८ पासून आहे.

केंड्रिक प्रसिद्धीपासून दूरच राहिल्या. १९८० साली, वयाच्या नव्वदाव्या वर्षी त्यांचे निधन झाले.

तुमच्या बाळासाठी यातून काय घ्याल?

बाळांचा खोकला बहुतेक वेळा साध्या विषाणूंमुळे होतो आणि आपोआप बरा होतो. अंगावरचे दूध चालू ठेवा. नाक चोंदले असेल तर सलाईनचे थेंब घाला. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय खोकल्याचे औषध देऊ नका. एक वर्षाच्या आतील बाळाला मध चाटवू नका, घुटीतूनही नाही.

डांग्या खोकला मात्र वेगळा असतो. मोठ्या मुलांना उबळीनंतर श्वास आत ओढताना हूप असा आवाज येतो. तान्ह्या बाळात तो आवाज येईलच असे नाही. खोकता खोकता ते निळे पडते किंवा काही क्षण श्वासच घेत नाही. पुढीलपैकी काहीही दिसले तर लगेच रुग्णालयात जा:

- ओठ किंवा जीभ निळसर होणे, श्वास थांबणे
- छातीच्या बरगड्यांखाली खड्डे पडणे, श्वास घेताना कण्हणे
- दोन महिन्यांखालील बाळाचा श्वास मिनिटाला ६० किंवा जास्त. दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा जास्त
- दूध न पिणे, खूप सुस्ती
- तीन महिन्यांखालील बाळाला ताप

लस दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना द्या. बूस्टर १६ ते २४ महिन्यांत आणि पुन्हा पाचव्या-सहाव्या वर्षी द्या. सरकारी केंद्रात ती मोफत मिळते. लशीनंतर एक-दोन दिवस ताप येऊ शकतो; त्या भीतीने पुढचा डोस लांबवू नका. पहिल्या डोसपर्यंतचे सहा आठवडे सर्वांत नाजूक असतात. म्हणून गरोदरपणात, २७ ते ३६ आठवड्यांदरम्यान, टीडॅप लशीबद्दल डॉक्टरांना विचारा. आईला मिळालेले संरक्षण बाळापर्यंत पोहोचते. आणि घरात आजी, आजोबा किंवा मोठे भावंड खोकत असेल, तर त्यांनी बाळाला जवळ घेण्याआधी तपासून घ्यावे. साध्या सर्दीकडे केंड्रिक यांनी जसे लक्ष दिले, तसेच आपणही द्यावे.